पाटकर सर आणि सुरमईचं ताट

आमच्या सोसायटीत पाटकर सर समोरून आले की माणसं आपोआप जागा बदलतात. घाबरून नाही, सवयीने. कारण सर जवळ येणार, गळ्यातला पुठ्ठा डोळ्याला लावणार, दुसरा डोळा मिटणार आणि सांगणारच, "जरा डावीकडे सरका. अजून. हां, आता बोला, काय म्हणताय?" नमस्कार त्यानंतर.

हा पुठ्ठा म्हणजे कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आहे. जाड, सोनेरी काठाची. सरांनी तिच्यात चौकोनी खिडकी कापली, दोन भोकं पाडून नाडी ओवली आणि गळ्यात घातली. भाजी घेताना, लिफ्टची वाट बघताना, सोसायटीच्या सभेत अध्यक्ष तावातावाने बोलत असताना सर त्या खिडकीतून बघत असतात. ती मुलगी सासरी सुखात आहे की नाही देव जाणे, पण तिची पत्रिका मुलुंड पूर्वेत अजून कामात आहे.

सर पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ब्रश सुटला आणि हातात मोबाइल आला. त्यांचं शास्त्र सोपं आहे. फोटोच्या चौकटीवर मनातल्या मनात फुली-गोळ्यासारख्या दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारायच्या. रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे महत्त्वाची गोष्ट ठेवायची. मध्ये कुणी उभं राहायचं नाही. "मधोमध बसायचा मान गणपतीचा," सर म्हणतात, "बाकीच्यांनी सरकून घ्यायचं."

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला सरांनी केक असाच सरकवत सरकवत टेबलाच्या कोपऱ्यावर नेला. रचना जमली आणि केक जमिनीवर आला. मुलगी रडली, तिची आई त्याहून जास्त रडली. सर शांतपणे म्हणाले, "पडायच्या आधीचा फोटो बघा." खोटं कशाला बोलू, फोटो सुंदर होता.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला फोटो लागतो, म्हणून एका वर्षी सर स्वतःच काढलेला फोटो घेऊन गेले. त्यात डाव्या कडेला सर आणि बाकी सगळी भिंत. पेन्शन कचेरीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "आजोबा, बाकीचे कुठे गेले?" सरांनी त्याला अर्धा तास मोकळ्या जागेचं महत्त्व समजावलं. मागे रांग होती, तिने काय समजून घेतलं ते आपण न विचारलेलं बरं.

तर अशा माणसाला मी आपण होऊन दादाच्या घरात नेलं असतं का? नेलं नसतं. पण गरज पडली.

मी मेधा, दुसऱ्या मजल्यावर राहते. समोरच्या दारात माझा दादा आणि वहिनी, भाड्याने. दादाची कंपनी बंद पडली आणि पन्नाशीतल्या माणसाला कोण नोकरी देतं? शेवटी वहिनीने पदर खोचला आणि घरगुती मालवणी जेवण द्यायला सुरुवात केली. जेवण घरपोच मागवायच्या ॲपवर नाव घातलं. वहिनीच्या हाताला चव अशी की माझ्यासारखी खडूस नणंदसुद्धा ताट चाटून पुसून उठते. पण चव फोनमधून जात नाही. महिना झाला, दिवसाला दोन ऑर्डरी, त्यातली एक माझ्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीची, तीही माझ्या धाकाने. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर घर सोडून गावी जायचं, असं दादाने ठरवून टाकलं होतं.

"गावाक जाऊन काय करतलव?" वहिनी एवढंच म्हणाली. ती लग्न होऊन मुलुंडला आली, इथेच रुळली. ती कुणासमोर रडणाऱ्यातली नाही. पण गॅलरीतल्या कुंड्या कुणाकुणाला द्यायच्या, हे ती मला एक दिवस सहज बोलल्यासारखं विचारायला लागली.

त्याच दिवशी लिफ्टमध्ये सर भेटले. मी त्यांना ॲपवरचं वहिनीचं पान दाखवलं. सरांनी सुरमईच्या ताटाचा फोटो बघितला, मोठा करून बघितला आणि विचारलं, "हा पंचनामा कुणी केला?"

फोटो मीच काढला होता. मला राग आला. पण आता नीट बघितलं तर त्यात ताट जमिनीवर, खाली वर्तमानपत्र, मागे गॅस सिलिंडर, एका कोपऱ्यात दादाचा अंगठा. आणि चकचकीत स्टीलच्या ताटात, कालवणाच्या वाटीशेजारी, वाकून फोटो काढणारी मी, फुलाफुलांच्या गाऊनमध्ये. महिनाभर लोक सुरमईबरोबर माझा गाऊन बघत होते. वाट लागायची बाकी काय राहिली होती?

"उद्या अकराला येतो," सर म्हणाले, "खिडकीतून उजेड तेव्हा येतो तुमच्याकडे."

आले ते घराचा ताबा घेऊनच. ट्यूबलाइट बंद. स्टीलचं ताट बाद, कपाटातलं वहिनीच्या आईने दिलेलं पितळी ताट बाहेर. टेबल खिडकीशी. सिलिंडर आत, दादाही आत. "उजेड एका बाजूने आला पाहिजे, म्हणजे तुकडीचा खरपूसपणा उठून दिसतो. समोरून आला की मासा आजारी दिसतो." आमसुलं चार होती, सरांनी एक उचलून तोंडात टाकलं. "तीन ठेवा. चार जण दोन-दोनच्या जोड्या करून बसतात. तीन असली की नजर फिरत राहते." मी मनात म्हटलं, आमसूल खायला किती मोठं कारण शोधलंय.

आतून दादा ओरडला, "सर, कालवण थंड होतंय."

"थंड झालेलं गरम करता येतं," सर पुठ्ठ्यातूनच म्हणाले, "गेलेला उजेड गरम करता येत नाही."

मग वहिनीने ताट वाढलं आणि तिथे ठिणगी पडली. सरांनी लिंबाची फोड उचलून उजवीकडे ठेवली. वहिनीने ती उचलून डावीकडे ठेवली. सरांनी पुन्हा उजवीकडे. वहिनीने पुन्हा डावीकडे.

"बाई, पिवळा रंग मला उजव्या रेघेवर हवाय."

"सर, लिंबू डाव्या बाजूला वाढतात."

"हे जेवायचं ताट नाही, चित्र आहे."

"ज्याला ते जेवायचंय त्याला विचारा," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, पण तिचं नाक लाल झालं. "वर मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे तळलेलं, कालवण, सोलकढी. खाली भाकरी, भात. माझ्या सासूने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं. घर सोडायची वेळ आली तरी मी उलटं ताट वाढणार नाही."

मी म्हटलं, झालं, आता दोघंही हट्टाला पेटले. सर पुठ्ठा खाली सोडून निघून जातील असं मला वाटलं. सर निघाले नाहीत. त्यांनी पुठ्ठा डोळ्याला लावला आणि ताटाकडे बघत राहिले. मग टेबलाला एक चक्कर मारली, परत बघितलं.

"डावीकडे लहान लहान गोष्टी," ते स्वतःशीच बोलायला लागले, "उजवीकडे जड. तोल तर साधलाय. आणि मेधा, मध्ये बघ. मध्ये काहीच नाही." ते वहिनीकडे वळले. "ही मधली जागा मोकळी का सोडता हो?"

"कालवायला जागा नको?" वहिनी म्हणाली.

सर खुर्चीवर बसले. "पस्तीस वर्षं मी फळ्यावर रेघा मारून मुलांना हे शिकवलं," ते म्हणाले, "आणि तुमच्या सासूबाईंनी एका दिवसात शिकवलं. आता लिंबाला मी हात लावणार नाही."

त्यांनी ताट तसंच ठेवलं. स्वतः मात्र हलले. कधी खुर्चीवर चढले, कधी गुडघ्यांवर बसले, गुडघे वाजले ते मला ऐकू आले. शेवटी कोपऱ्यातून, खाली वाकून, ताटाचा फक्त काही भाग चौकटीत घेतला. भाकरीची कड तिरपी सुरमईकडे नेणारी, सुरमई दोन रेघांच्या छेदावर, सोलकढीचा गुलाबी रंग मागे धूसर. फोटो बघायला दादा बाहेर आला आणि तिथेच भात मागायला लागला.

त्या आठवड्यात सरांनी रोज एकेका पदार्थाचा फोटो काढला. सुरमई, बांगडा, शिंपल्यातल्या तिसऱ्या, काळ्या वाटाण्याची उसळ. फोटो झाला की वहिनी सरांना जेवल्याशिवाय सोडायची नाही, कारण ताट वाढलेलं असायचं आणि वाढलेल्या ताटावरून माणूस उठवायची पद्धत आमच्यात नाही. सर जेवताना काही बोलायचे नाहीत. सरांची बायको, पाटकरबाई, गेल्यापासून त्यांच्या घरात मासा शिजला नव्हता, हे मला माहीत होतं. मी त्याचा पुढे विचार केला नाही.

नवीन फोटो चढले आणि पुढच्या रविवारी वहिनीचा फोन थांबायचं नाव घेईना. साडेबाराला सुरमई संपली. एकला बांगडा संपला. दादा डबे भरतोय, मी झाकणं लावतेय, मुलुंड पश्चिमेपासून ठाण्यापर्यंतची माणसं आमच्याकडे जेवण मागतायत. दोनला वहिनीने ॲपवर 'आज संपलं' असं लिहिलं आणि ओट्याला टेकून इतकी हसली की शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दादाने घरमालकाला फोन करून सांगितलं, आम्ही कुठे जात नाही. सोसायटीत पेढे वाटले. सरांनी पेढ्यांचा फोटो काढला, अर्थातच एक पेढा आधी खाऊन.

दिवाळी झाली. वहिनीने मदतीला एक बाई ठेवली. सगळ्या पदार्थांचे फोटो झाले होते, काढायचं काही राहिलं नव्हतं. एका दुपारी पावणेएकला बेल वाजली. दारात सर, गळ्यात पुठ्ठा, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"तो बांगड्याचा फोटो," ते आत न येता म्हणाले, "मला पसंत नाही. सावली चुकलीये. पुन्हा काढायला हवा."

मी फोन काढून बघितला. बांगड्याचा फोटो सगळ्यांत झकास होता. त्याच्यावर तर निम्म्या ऑर्डरी यायच्या. सावली होती तिथे बरोबर होती, एवढं आता मलाही कळायला लागलं होतं. मी तोंड उघडलं, "अहो सर, काहीतरीच काय, तो तर..." तेवढ्यात वहिनीने मागून माझ्या कमरेला असा चिमटा काढला की माझं वाक्य तिथेच राहिलं.

"मला पण वाटतच होतं सर," वहिनी म्हणाली. "चुकलीच आहे सावली. मी मेधाला म्हणणारच होते, सरांना बोलवायला हवं."

सरांनी तिच्याकडे बघितलं. पुठ्ठ्यातून नाही, नुसतंच. मग त्यांनी चपला काढल्या.

मला स्वतःची लाज वाटली. नणंद म्हणून मी जन्मभर वहिनीच्या चुका काढल्या, आणि जे तिला दारात उभ्या माणसाच्या शर्टाच्या इस्त्रीवरून कळलं, ते मला हातात फोटो असून कळलं नव्हतं. सर टेबलाशी बसले. वहिनीने गरम भाकरी वाढली, दादाने गावच्या गोष्टी काढल्या, सर पहिल्यांदाच जेवताना बोलले, पाटकरबाई बांगड्याला तिरफळ कसं घालायच्या ते सांगत बसले. तीन वाजले. फोटो काढायचं कुणालाच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेएकला बेल वाजली. मी उठायच्या आधी वहिनी आतून म्हणाली, "मेधा, दार उघड गं. सर असतील. त्यांचं पान मी मांडलंय."