मनकर्णाबाईंची स्मरणशक्ती

शुक्रवारी संध्याकाळी आदिनाथने शनिवार-रविवारच्या सहलीचा कागद छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो प्लॅनिंग विभागात होता, त्यामुळे घरातलं कुठलंही काम वेळापत्रकाशिवाय करणं त्याला जमत नसे. सकाळी साडेसहाला नगरच्या सावेडीतून निघायचं, आठला चहा, दहाला खर्ड्याचा किल्ला, दीडला जेवण, तीनला सौताड्याचा धबधबा, मुक्काम जामखेडला, रविवारी रेहेकुरीची काळविटं. शेवटच्या रकान्यात कोण कुठे काय करणार, हेसुद्धा लिहिलं होतं. तिथे त्याच्या आईच्या नावापुढे प्रत्येक ठिकाणी एकच शब्द होता: गाडीत.

मनकर्णाबाईंनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

“मी काय बॅग हाय का रं?”

“आई, तुझे गुडघे...”

“गुडगे माझे हायेत. त्यांला मी इचारीन. खर्ड्यापासनं तीन कोसावर माझं म्हायेर. त्या किल्ल्याभवती शेरडं राखलीत मी. वर जायला आदी बाप न्हाई म्हनायचा, मग सासरा न्हाई म्हनायचा. आता तू हायेस.”

“वर नुसते दगड आहेत गं,” आदिनाथ हसत म्हणाला. “मी फोटो काढून आणीन ना तुला.”

एकाहत्तर वर्षांच्या मनकर्णाबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. सून आरती त्यांना पुरती ओळखून होती. सासूबाई गप्प बसल्या, म्हणजे विषय संपलेला नाही, हे तिला कळलं. पण चिवडा डब्यात भरायचा राहिला होता, म्हणून तीही गप्प बसली.

शनिवारी सकाळी पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर दारात आली. आदिनाथ, आरती, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी अश्विनी, आदिनाथचा मित्र बजरंग, त्याची बायको ज्योती आणि ज्योतीच्या माहेरची माणसं, अशी अकरा जणं होती. मनकर्णाबाईंना सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं, शेजारी बॅगा लावल्या आणि अंगावर शाल दिली.

जामखेड रस्त्यावर चहाला थांबले, तिथे बाथरूमला रांग होती. मनकर्णाबाई शाल बॅगांवर टाकून उतरल्या आणि त्यांचा नंबर शेवटी लागला. त्या बाहेर आल्या तेव्हा ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. समोर पांढरी ट्रॅव्हलर उभी दिसली. त्या चढल्या, मागच्या सीटवर बॅगांशेजारी बसल्या आणि पहाटे चारपासून जाग्या असल्यामुळे खिडकीच्या वाऱ्यावर लगेच झोपी गेल्या. हॉटेलपुढे पांढऱ्या ट्रॅव्हलर दोन उभ्या आहेत, हे त्यांनी पाहिलंच नाही.

जाग आली ती हशाने. गाडीभर बायका होत्या, आणि त्यातली एकही ओळखीची नव्हती.

“उठल्या का मावशी?” पुढच्या सीटवरच्या दणकट बाईने मागे वळून विचारलं. “तुमी कुनाच्या सासूबाई?”

“मी आदिनाथची आई. आदिनाथ कुठंय?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं की या दुसरीच्या सासूबाई. ती दणकट बाई म्हणजे कोपरगावच्या रतनबाई. आपल्या गल्लीतल्या बारा बायका घेऊन त्या दोन दिवसांसाठी बाहेर पडल्या होत्या, नवरे घरी ठेवून. त्या घाबरल्या. “गाडी फिरव रं,” असं ड्रायव्हरला सांगणार, तेवढ्यात मनकर्णाबाईंना खिडकीतून तटबंदी दिसली.

“ह्यो तर खर्डा!” त्या म्हणाल्या. “तुमी वर जानार का?”

“व्हय, जानार की.”

“मग गाडी फिरवू नका. माझी मानसं हितंच येनार हायेत. मी आदी वर जाऊन येते, मग घावते त्यांला.”

अर्ध्या तासाने आदिनाथची गाडी किल्ल्यापाशी आली. मागच्या सीटवर शाल पांघरलेला उंचवटा होता.

“आई, आलो आम्ही. उतरायचंय का जरा?” आरतीने दारातून विचारलं. उत्तर आलं नाही.

“झोपू दे तिला,” आदिनाथ म्हणाला. “खिडकी उघडी ठेव.”

सगळे किल्ल्यात गेले. आत बजरंगने मान वर केली. बुरुजावर बायकांचा घोळका होता आणि त्यातल्या एक हिरव्या लुगड्यातल्या बाई दोन्ही हात हलवत होत्या.

“आद्या, त्या बाई अगदी काकूंसारख्या दिसतात.”

“आईला आमच्या बिल्डिंगचा एक जिना चढवत नाही,” आदिनाथ म्हणाला. तरी समोरून कुणी हात करतंय म्हटल्यावर त्याने सभ्यपणे हात केला.

“पप्पा, आजीच आहे ती,” अश्विनी म्हणाली.

“चल पुढे. सव्वाअकरा झाले.”

वर मनकर्णाबाई हुश्श करून तटावर टेकल्या. पायऱ्या चढताना सतरा वेळा बसावं लागलेल्या त्या बाई आता घामाघूम झाल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता. “बगितलं त्यानं मला. हात बी केला. आता काय घाई न्हाई,” त्यांनी रतनबाईंना सांगितलं. मग त्यांनी माहेरची दिशा शोधली, शेरडं कुठे चरायची ते दाखवलं आणि ज्या दगडाआड बसून बाप पहारा द्यायचा, त्या दगडाकडे बोट करून बारा बायकांना हसवलं. तटावर चांगला पाऊण तास गेला.

खाली आदिनाथच्या मंडळींनी जेवायला निघायचं म्हणून गाडी गाठली. आरतीने शाल हळूच उचलली. आत दोन बॅगा, एक उशी आणि चिवड्याचा डबा होता.

पुढच्या पाच मिनिटांत सगळे एकदम बोलले. अश्विनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, ते कुणी ऐकलं नाही. आई शेवटची दिसली चहाच्या हॉटेलवर, म्हणून आदिनाथने गाडी उलटी पळवली. आईचा मोबाईल बॅगेतच वाजत होता. वाटेत बजरंगने मेसेज लिहायला घेतला.

“‘स्मरणशक्ती कमी आहे’ असं टाकतो.”

“आईला सगळ्या गोतावळ्याचे वाढदिवस पाठ आहेत,” आरती म्हणाली.

“वहिनी, त्याशिवाय लोक फॉरवर्ड करत नाहीत.”

 मेसेज गेला. दहा मिनिटांत पुण्याची बहीण, आष्टीचे मामा, कारखान्यातले साहेब, सगळ्यांचे फोन सुरू झाले. त्यामुळे मनकर्णाबाईंनी रतनबाईंच्या मोबाईलवरून मुलाचा नंबर तोंडपाठ लावला, तेव्हा तो एंगेज लागला. सहा वेळा लावला, सहाही वेळा एंगेज.

“हात तर केला हुता त्यानं,” त्या म्हणाल्या. “कागदावर दीडला जेवन हाय. जेवायला कुठंतरी येतीलच. चला, आपुन बी जेवू.”

खर्ड्यातल्या एका हॉटेलात पिठलं-भाकरी सांगितली. शेवटची भाकरी होत आली तेव्हा हॉटेलचा मालक हनुमंत मोबाईल हातात धरून टेबलापाशी आला. एकदा मोबाईलकडे, एकदा मनकर्णाबाईंकडे बघत त्याने खुर्ची ओढली आणि दारात आडवी लावली.

“आजी, बसून ऱ्हावा. घाबरायचं न्हाई. मी फोन केलाय, तुमची मानसं येत्यात.”

“मी कशाला घाबरू? काय लिवलंय त्यात?”

रतनबाईंनी मोबाईल घेऊन मोठ्याने वाचलं. “मनकर्णाबाई, वय एकाहत्तर, हिरवी साडी. स्मरणशक्ती कमी आहे. घरचा पत्ता सांगता येत नाही. दिसल्यास बसवून ठेवावे.”

मनकर्णाबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

“बसवून ठेवावं?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग हनुमंतकडे वळल्या. “तू रंगनाथचा ना? थोरला का धाकला?”

“धाकटा. पन तुमाला कसं...”

“मंजी हनुमंत. तुझा बाप पोळ्याच्या दिशी आमच्या म्हायेरच्या हिरीत पडला हुता. माझ्या भावानं दोर टाकून वर वढला. बाप वर आला, धोतर खालीच ऱ्हायलं.”

हॉटेलात जमलेली वीस-पंचवीस माणसं हसायला लागली. हनुमंतचे कान लाल झाले. “आमाला तर घरात कुनी सांगितलं न्हाई हे.”

“सांगत्याल कशाला?”

एवढ्यात ट्रॅव्हलर येऊन थांबली आणि आदिनाथ धावत आत शिरला. त्याचा शर्ट पँटबाहेर आला होता, डोळे भरून आले होते. “आई! अगं, जीव गेला असता आमचा!”

मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

“कोन हो तुमी?”

“आई, मी आदिनाथ!”

“असाल बाबा. मोबाईलवर लिवलंय, मला काय ध्यानात ऱ्हात न्हाई. लिवल्यालं खोटं कसं असंल?”

“आई, चेष्टा पुरे. चल, गाडीत बस.”

ते शेवटचे दोन शब्द त्याने बोलायला नको होते. मनकर्णाबाईंनी रतनबाईंचा हात धरला आणि हनुमंत दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

“थांबा साहेब. आजी तर वळखत न्हाईत. काय पुरावा हाय का?”

आदिनाथने आधार कार्ड काढलं. हनुमंतने ते उलटसुलट करून पाहिलं. “ह्यात बापाचं नाव हाय. आईचं कुठंय?”

“बरं, फोटो दाखवतो.” आदिनाथने मोबाईल उघडला. महाबळेश्वर निघालं, त्यात आरती होती, अश्विनी होती, स्ट्रॉबेरी होती. गोव्याचे दोनशे फोटो निघाले. भंडारदऱ्याचे निघाले. अंगठा भराभर सरकत होता. हनुमंत आणि त्याच्यामागची माणसं मान पुढे काढून बघत होती. मेसेजमधला फोटोही एका लग्नातल्या रांगेतून कापून काढलेला होता.

“हा बघा!” आदिनाथ एकदम म्हणाला. भंडारदऱ्याच्या फोटोत मागे गाडी उभी होती, आणि खिडकीत कुणीतरी बसलेलं होतं.

हनुमंतने फोटो मोठा केला. “ही काच हाय, साहेब.”

“एवढ्या जागा फिरला,” गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, “आन आईचा एक फोटू न्हाई व्हय रं?”

आदिनाथ बाकावर बसला. मोबाईल त्याने पालथा ठेवला. कारखान्यात त्याच्या प्रत्येक कागदावर कुठला नट कुठल्या खोक्यात आहे ते लिहिलेलं असे आणि एकही नट आजवर हरवला नव्हता. 

“आई,” तो म्हणाला, “आम्ही तुला विसरलो गं.”

“आता कसं बोललास. त्येच लिव. मी सांगते तसं.”

त्याने लिहिलं. आई हरवली नव्हती. आम्ही तिला हॉटेलवर विसरलो आणि बोचक्याला आई समजून किल्ला बघत फिरलो. ती बुरुजावरून हात हलवत होती, आम्हीही हात केला. स्मरणशक्ती आमची कमी आहे.

“काकू, तेवढं शेवटचं वाक्य नको ना,” बजरंग काकुळतीला आला.

“त्याशिवाय लोक फॉरवर्ड करत नाहीत,” मागून आरती म्हणाली आणि तिने स्वतःच नवऱ्याच्या मोबाईलवर बोट दाबलं.

मनकर्णाबाईंनी ताट पुढे ओढलं. “हां. वळखलं आता. ह्यो माझाच पोरगा. बस, भाकरी खा. पन मी ह्या बायांच्याच गाडीतनं येनार.”

“त्यांचं पुढचं वेळापत्रक काय आहे?” आदिनाथने विचारलं.

“जिथं बरं वाटंल तिथं थांबायचं,” रतनबाई म्हणाल्या. “लई सोपं हाय.”

मग उरलेले दीड दिवस पुढे कोपरगावची ट्रॅव्हलर आणि मागे सावेडीची, अशी वरात निघाली. सौताड्याला मनकर्णाबाई धबधब्याच्या पाण्यात पाय सोडून बसल्या. आदिनाथने वेळ झाल्याचं सांगितलं, तेव्हा तेरा बायकांनी एकदम “हूं” म्हटलं आणि एकही उठली नाही. पुढच्या गाडीत गाणी, भेंड्या आणि शेंगदाण्याचे लाडू होते. म्हणून अश्विनी सौताड्यालाच तिकडे गेली. जामखेडहून निघताना ज्योती गेली, तिच्यामागे तिच्या माहेरची माणसं गेली. रेहेकुरीला काळविटं दिसली आणि त्या आनंदात आरतीसुद्धा चढली, ती उतरलीच नाही. रविवारी संध्याकाळी नगरमध्ये शिरलेल्या मागच्या गाडीत ड्रायव्हर, आदिनाथ, बजरंग आणि चिवड्याचा डबा एवढेच होते. आदिनाथच्या मोबाईलमध्ये मात्र आईचे एकशे चाळीस फोटो होते आणि काळविटाचा एक.

पण मेसेजचं गणित निराळं असतं. दुसऱ्या मेसेजला घरच्या ग्रुपवर चार अंगठे आले आणि तो तिथेच थांबला. पहिला पार सोलापूर, बीड करून पुन्हा नगरला आला. पुढच्या पंधरवड्यात मनकर्णाबाईंना पाच वेळा लोकांनी घरी आणून पोहोचवलं. एकदा भाजीबाजारातून, एकदा देवळातून आणि एकदा तर बिल्डिंगच्या फाटकातून. सुरुवातीला त्या भांडल्या. मग एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ उभे होते, आणि त्यांच्या शेजारी मनकर्णाबाई.

“भिंगारच्या बाजारात सापडल्या,” ते अभिमानाने म्हणाले. “सांभाळा साहेब आईला. अशा माणसाला जुन्या जागा दाखवाव्यात म्हणतात, म्हणून येताना मुद्दाम चांदबीबी महालावर नेऊन आणलं. वरपर्यंत.”

आदिनाथने मुकाट्याने हात जोडले. गृहस्थ गेले. मनकर्णाबाईंनी चपला काढल्या, पदराने वारा घेतला आणि खुर्चीवर ऐसपैस बसल्या.

“लई भला मानूस. रसवंतीवर बी थांबला.”

“मग?” आदिनाथने विचारलं. “महालावर काही आठवलं का?”

“काय बी न्हाई,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “म्हनून तर त्यो उद्या बायकूला घिऊन येतोय. डोंगरगणला नेऊन बगू म्हनला.”