मावशींना प्रशिक्षण दिल्याबद्दलचा खुलासा

अडचण ही माणसांत सर्वांत समान वाटली गेलेली वस्तू आहे, आणि ज्याला अडचण नाही तो एकतर रजेवर आहे किंवा त्याने अजून कॉम्प्युटर चालू केलेला नाही, हे आता सर्वमान्य व्हायला हरकत नाही. आमच्या संस्थेने ते मान्य केलंच आहे. (ठराव क्रमांक सात, एकमताने. एक सदस्य झोपले होते, त्यांचं मत बाजूने धरलं.)

आमची संस्था दुकानं, दवाखाने, वाचनालयं यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम बनवते. म्हणजे पडद्यावर एक खिडकी उघडते, खिडकीत चार खोकी असतात, खाली एक बटण असतं, आणि बटण दाबलं की काहीतरी व्हावं अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. ती पुरी करण्यासाठी आम्ही दरवर्षी साठ नवशिके भरती करतो. वयाची आणि पूर्वीच्या धंद्याची अट नाही. नवशिका अडला की त्याने तिसऱ्या मजल्यावर 'नवशिक्या अडचण निवारण कक्षा'त यावं अशी सोय आहे. मी या कक्षाचा प्रमुख. नऊ वर्षं झाली.

उद्या सकाळी अकरा वाजता संस्थेचे अध्यक्ष स्वतः कक्षात येणार आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत एका नवशिक्याची एक अडचण सुटली तर कक्ष राहील. नाही सुटली तर कक्ष बंद, आणि माझी बदली तळमजल्यावरच्या जुन्या कीबोर्डांच्या कोठारात. मी ते कोठार पाहून आलो. तिथे अकराशे कीबोर्ड आहेत, एक स्टूल आहे आणि एक पाल आहे, जी माझ्याआधीपासून कायम आहे. मला तिथे जायचं नाही, हे मी इथे स्पष्टच लिहितो. परिस्थिती अशी का आली याचा खुलासा मी अध्यक्षांना द्यायला हवा, पण अध्यक्ष खुलासे वाचत नाहीत. म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

आधी कक्षाचं काम समजून घ्या. नवशिक्याने 'अडचण नमुना ४-ब' भरायचा. त्यात अडचणीचे नाव, अडचणीचे वय, सदर अडचण कुटुंबात पूर्वी कोणास होती काय, असे एकोणीस रकाने. नंतर बाकावर बसून वाट पाहायची. नंतर अर्ज सहा तज्ज्ञांपुढे जातो. पहिले तज्ज्ञ सांगतात, सगळं पुसून नव्याने टाका. दुसरे म्हणतात, ही भाषाच चुकीची निवडली. तिसरे विचारतात, असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? चौथे त्यांच्या काळी माऊस नव्हता हे सांगतात (तेव्हा अडचणीही नव्हत्या, असं त्यांचं म्हणणं). पाचवे सहाव्यांचं मत मागवतात. सहावे नेमणूक झाल्यापासून दौऱ्यावर आहेत. निकाल सरासरी अकरा दिवसांत लागतो. तेवढ्यात निम्म्या अडचणी जुन्या होतात आणि नियमानुसार जुनी अडचण ही अडचण धरली जात नाही.

गेल्या वर्षीची आकडेवारी बोलकी आहे. चाळीस टक्के नवशिक्यांचं बटण दाबून काहीच होत नव्हतं, कारण दाबल्यावर काय करायचं हे बटणाला कोणी सांगितलंच नव्हतं. बावीस टक्क्यांची खिडकी उघडून क्षणात गडप होत होती. एकोणीस टक्क्यांचा प्रोग्रॅम फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर चाले, कारण त्याला लागणारी फाईल त्यांनी आपल्याच कॉम्प्युटरवर 'नवीन फोल्डर २' मध्ये ठेवलेली होती. (एकाने गिऱ्हाइकाला स्वतःचा कॉम्प्युटर टेबलासकट नेऊन दिला. गिऱ्हाईक खूश आहे.) अकरा टक्क्यांचा प्रोग्रॅम खिडकी बंद केली तरी मागे चालूच राही. म्हणजे दिसत नाही, काम करत नाही, पण हजेरीवर आहे. यात वावगं काय, हे पाचव्या तज्ज्ञांना शेवटपर्यंत कळलं नाही. उरलेले आठ टक्के 'इतर'. बेरीज शंभर यायला हवी म्हणून हा आकडा आम्ही सर्वांत शेवटी काढतो.

असं सगळं सुरळीत चालू असताना मावशी आल्या.

मावशी म्हणजे आमच्या संचालकांच्या सासूबाई. घराला रंग द्यायचं चाललं होतं आणि त्या वासाने त्यांचं डोकं उठे, म्हणून त्या दिवसभर जावयाच्या केबिनमध्ये येऊन बसू लागल्या. संचालकांना सही करताना दरदरून घाम फुटू लागला. तेव्हा सबंध इमारतीत माणूस तासन्‌तास बसला तरी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही अशी जागा शोधण्यात आली, आणि ती आमच्या कक्षाबाहेरचा बाक निघाली. मावशी मटारची परडी घेऊन तिथे बसल्या.

त्याच दिवशी बाकावर एक एक्कावन्न वर्षांचे नवशिके होते. आधीची अठ्ठावीस वर्षं ते शिंपी होते. कपडे शिवणाऱ्यांसाठी मापं ठेवायचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. हातात नमुना ४-ब, रांगेतला क्रमांक सत्तावन्न. मावशींनी विचारलं, तुमचं काय दुखतंय? दवाखाना नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"हे बघा मावशी," शिंपीकाका म्हणाले, "हे एक खोकं. यात गिऱ्हाइकाची छाती लिहायची. अडतीस. हे दुसरं, यात सैल किती ठेवायचं ते. चार. खाली बटण. दाबलं की बेचाळीस यायला पाहिजेत. येतात तीनशे चौऱ्याऐंशी."

"बाई गं. मग?"

"मग काय, तीनशे चौऱ्याऐंशीचा शर्ट घालू कोणाला? मी तर साधं काम करतो. या खोक्यातलं उचलतो, त्या खोक्यातलं उचलतो, आणि अडतीसच्या शेजारी चार ठेवून…" इथे शिंपीकाका थांबले. त्यांनी हवेत बोटाने अडतीस काढले, शेजारी चार काढला. "खोक्यातून येतो तो आकडा नसतोच. ती नुसती अक्षरं. आधी त्यांचा आकडा करून घ्यायला पाहिजे."

आणि ते गेले. निरोप नाही, आभार नाहीत, नमुना ४-ब बाकावरच. मावशी म्हणाल्या, भला माणूस होता, पण पुढचं सांगितलंच नाही.

चार मिनिटं लागली होती. यापूर्वी हीच अडचण आमच्याकडे आली तेव्हा अकरा दिवस, तीन तज्ज्ञ आणि एक कीबोर्ड खर्ची पडला होता. मी हा योगायोग समजलो. पण त्या आठवड्यात सदतीस जण मावशींच्या शेजारी बसले आणि त्यांतले चौतीस बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून उठून पळाले. (उरलेल्या तिघांपैकी एक मटार खायला आला होता.) मावशींना प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो कळत नव्हतं. त्या शेंगा सोलत, माणसाच्या तोंडाकडे प्रेमाने बघत आणि दर तीन वाक्यांनी "मग?" म्हणत. त्यांना समजावं म्हणून नवशिक्याला पहिल्यापासून, पायरी पायरीने, साध्या भाषेत सांगावं लागे, आणि कुठल्यातरी पायरीवर त्याचा स्वतःचाच पाय अडखळे. पुढे पुढे लिफ्ट दुरुस्त करणारा आला आणि लिफ्टचं सांगता सांगता वर धावत गेला. दुसरे तज्ज्ञ पहाटे फिरायला जावं की संध्याकाळी हे सांगायला आले आणि उत्तर घेऊन गेले.

संस्थेने या शोधाची यथोचित दखल घेतली. 'श्रोता (वर्ग दोन)' हे पद निर्माण झालं आणि त्याची पात्रता ठरली:

एक, श्रोत्यास विषयातले काहीही कळू नये.
दोन, श्रोत्याने मध्येच उठून जाऊ नये.
तीन, श्रोत्याने सल्ला देऊ नये. दिल्यास तो हवामानाबद्दल असावा.
चार, आपल्याला कळते आहे असे श्रोत्यास मनातल्या मनात वाटून घेण्याची मुभा राहील.

मावशी पहिल्या श्रोत्या झाल्या. दौऱ्यावर नसलेले पाच तज्ज्ञ परडी भरून देऊ लागले. मला सांगायला लाज वाटत नाही, नऊ वर्षांत मी पहिल्यांदाच शिट्टी वाजवत ऑफिसला येत होतो.

आता माझी चूक. जी गोष्ट चालते आहे ती सुधारणं हे प्रमुखाचं कर्तव्य असतं. वार्षिक तपासणीत शेरा आला होता, 'श्रोत्यास विषयाचे ज्ञान नाही, ही बाब खेदजनक.' पहिल्या कलमात आपणच ते बंधनकारक केलं आहे हे तपासनिसांना सांगावं असं मला वाटलं, पण तपासनिसांना काही सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. मी मावशींना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं.

मावशी वर्गात पहिल्या आल्या. परत आल्या तेव्हा परडी नव्हती, वही होती. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे आमच्या नर्सबाई बसल्या. या बाईंनी दातांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढली आणि आता त्याच दवाखान्यासाठी पेशंटचे नंबर लावायचा प्रोग्रॅम लिहिताहेत.

"मावशी, बटण दाबलं की खिडकी पांढरी पडते बघा," नर्सबाई म्हणाल्या. "हलत नाही, बोलत नाही. सुई बघून पेशंट पडतो तशी. मी काय केलंय, बटणाच्या मागे…"

"आवृत्ती कोणती?" मावशी म्हणाल्या. "आणि हे या भाषेत कशाला लिहिलंस? मेमरी कमी पडत असेल. वाढव."

बटणाच्या मागे काय होतं ते नर्सबाईंच्या तोंडातच राहिलं. त्यांनी मुकाट्याने नमुना ४-ब घेतला आणि भरायला बसल्या. अकरा दिवसांनी मेमरी वाढवून मिळाली. खिडकी आता पूर्वीपेक्षा लवकर पांढरी पडते.

गेल्या चार आठवड्यांत मावशींपुढे सुटलेल्या अडचणी: शून्य. मी हातावर हात ठेवून बसलो नाही. मावशींना नुसतं गप्प बसायची विनंती केली. त्या बसल्या, पण ज्याला कळतं तो गप्प बसला तरी त्याच्या भुवया गप्प बसत नाहीत. संस्थापकांचा अर्धपुतळा बाकावर ठेवून पाहिला. त्याच्यापुढे नवशिके उठून उभे राहू लागले आणि अडचण लपवू लागले. पहारेकऱ्याला बसवलं, तर तो दुसऱ्या वाक्यालाच सांगे, बंद करून चालू करा. नळ दुरुस्त करणाऱ्याला बसवलं, तर त्याचा भाचा कॉम्प्युटरमध्ये निघाला. शेवटी कुंडीतलं एक झाड ठेवलं. दोघांच्या अडचणी सुटल्याही, पण तिसऱ्याने लेखी तक्रार केली की झाड बोलणं चालू असताना उजेडाकडे वळतं.

काल मी मावशींकडे गेलो. शिकलेलं निदान उद्यापुरतं विसरता येईल का, असं भीतभीत विचारलं.

"तुम्हीच शिकवलंत," मावशी म्हणाल्या. "आता शिकलेलं ठेवू कुठे?"

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. त्यांच्या शेजारी आता कोणी बसत नाही. दुपारी त्या पाच तज्ज्ञांबरोबर बसतात, आणि परवा मी ऐकलं, त्या सांगत होत्या की त्यांच्या काळी नवशिके ऐकून घ्यायचे.

तर अशी परिस्थिती आहे. उद्या अकरा वाजता अध्यक्ष समोरच्या खुर्चीत बसतील. नर्सबाई बाकावर असतील, पांढऱ्या पडणाऱ्या खिडकीसकट. अडचण काय आहे हे त्यांना तिसऱ्या-चौथ्या वाक्यात स्वतःलाच कळणार आहे, याची मला खात्री आहे. हवा आहे तो फक्त त्यांच्या शेजारी बसणारा एक इसम. ज्याला यातलं काही कळत नाही. जो मध्ये बोलत नाही. उठून जात नाही. सल्ला देत नाही. इतकी साधी पात्रता, आणि शेवटच्या घटकेला असा माणूस आणायचा कुठून? मी मघापासून तुम्हाला पहिल्यापासून, पायरी पायरीने, साध्या भाषेत सगळं सांगतो आहे, आणि तुम्ही…

थांबा.

तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत. उठलाही नाहीत. शिंप्याच्या तीनशे चौऱ्याऐंशीपाशी आपल्याला कळलं असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते चौथ्या कलमात बसतं.

उद्या पावणेअकराला तिसऱ्या मजल्यावर या. परडी देण्यात येईल. काही समजून घ्यायचा प्रयत्न करू नका. आत्तापर्यंत जमलंय, तसंच.