फक्त एक वॉशर!

"फक्त एक वॉशर! त्यासाठी प्लंबर कशाला?" असं म्हणत सरांनी पाना उचलला आणि त्यांच्या बायकोने घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजले होते. अकराला कॉलेजात सरांचं भाषण. विषय, 'माणूस स्वतःला जास्त शहाणा का समजतो?' प्राचार्य समोर बसणार होते, विभागप्रमुखाची खुर्ची महिनाभर रिकामी होती, आणि हे बेसिनखाली आडवे!

"अहो, गच्चीवरचा कॉक बंद केलात ना?"

"अगं, मी मानसशास्त्राचा डॉक्टर आहे!"

"म्हणजे केलात की नाही?"

"केला!"

केला होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा! गच्चीवर चार कॉक, चारही सारखेच. सरांनी पाना फिरवला, नळ हातात आला आणि पाण्याची धार थेट चष्म्यावर! त्यांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला. तेवढ्यात वरून आरोळी आली, "पाणी गेलं हो! डोक्याला साबण लावलाय मी!"

"बघ, बादली भरून ठेवायची अक्कल नसते लोकांना," सर बेसिनखालून म्हणाले.

"मी प्लंबरला बोलावते."

"काही गरज नाही. सगळं आटोक्यात आहे!"

सगळं म्हणजे तो अंगठा. काढला तर घराचं तळं, नाही काढला तर भाषण बुडालं! या माणसाला आता हसावं की पान्यानेच हाणावं, हे तिला कळेना. तिने गुपचूप फोन लावला.

प्लंबर यायला सव्वादहा झाले. गच्चीवर जाऊन आला आणि पाच मिनिटांत नळ बसवून मोकळा झाला.

"बरोबर कॉक कसा ओळखलात?" तिने विचारलं.

"ओळखतोय कुठे, ताई? वीस वर्षं झाली, अजून चुकतो. म्हणून बंद केला की आधी नळ सोडून बघायचा, पाणी थांबलं का ते. बरं, वरच्यांचा पण बंद दिसतोय, तो..."

"तो मी उघडतो!" सर कोट चढवत गरजले. "तेवढं येतं मला!"

भाषण झकास झालं. "खरा जाणकार आधी नळ सोडून बघतो!" या वाक्याला तर टाळ्याच टाळ्या! प्राचार्य मान डोलावत होते. वाक्य चोरीचं होतं, पण पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोचा जीव भांड्यात पडला.

"कुणाला काही प्रश्न?" सरांनी ऐटीत विचारलं.

मागून एक हात वर आला. डोक्याला टॉवेल, कानामागे वाळलेला फेस.

"जिन्यात तुमचा प्लंबर भेटला मला," काकू म्हणाल्या. "एकच प्रश्न आहे. आमचा कॉक कधी उघडताय?"