गुन्हा नसल्याची नक्कल

आनंदरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, रुमालानं मिशा पुसल्या आणि विचारलं, "बाकी सगळं पसंत आहे. फक्त एक सांगा. तुमच्यावर कधी खटला, गुन्हा, शिक्षा असं काही?"

महादेवरावांना हसूच आलं. पाटबंधारे खात्यातला कारकून माणूस. जन्मात कधी रांग मोडली नव्हती. "छ्या! माह्यावर कायचा गुन्हा राहीन?"

"नसनच. मंग तशी नक्कल आणा."

आनंदराव वर्ध्याच्या कोर्टात नकला विभागाचे प्रमुख होते. दुसऱ्यांच्या कागदांवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारून मारून त्यांचा तोंडी बोलण्यावरचा विश्वासच उडाला होता. त्यांचा मुलगा केशव नागपुरात, धरमपेठेतल्या एका शाळेत मास्तर होता. त्याच शाळेत महादेवरावांची तारा शिकवत होती. दोघांचं जमलेलं होतं आणि दोन्ही घरं ते माहीत नसल्यासारखी वागत होती. तारानं आईला मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "लग्न करीन तं याच्याशीच. नाही तं करतच नाही." म्हणजे पोरीचा संसार आता त्या नकलेवर अडला होता.

दुसऱ्याच दिवशी महादेवराव आपल्या सायकलवर टांग टाकून पोलीस ठाण्यात गेले. ही विलायती सायकल नागपूरला कॉलेजात असताना वडिलांनी संत्र्याचा बहार विकून घेऊन दिली होती. साखळीच्या काळ्या झाकणावर पांढऱ्या रंगात 'महादेव गणपत, नरखेड' अशी ठसठशीत अक्षरं होती. दर दिवाळीला महादेवराव त्यांच्यावरून पुन्हा रंगाचा हात फिरवत.

ठाण्यात हवालदार रुपराव काहीतरी खरडत बसले होते.

"काय चोरीले गेलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही गेलं."

"मंग कोनं मारलं?"

"कोनीच नाही मारलं. मले नक्कल पाह्यजे. माह्यावर गुन्हा नाही याची."

रुपरावांनी पेन खाली ठेवलं. "गुन्ह्याची नक्कल देता येते भाऊ. जो नाही त्याची कशी देऊ? पाहून लिहाले काही तं पाह्यजे का नाही?"

"तुम्ही रजिस्टर पाहा. माह्यं नाव नाही दिसलं, का तसं लिहून द्या."

"कोन्त्या रजिस्टरात नाही?"

"कोन्त्याच नाही."

"म्हंजे सगळेच पाहू?" रुपराव मागच्या कपाटांकडे बघून खचलेच. मग समजुतीनं म्हणाले, "बरं, आठवून पाहा. कुठी भांडण-गिंडण? शेजाऱ्याशी? लहानसं असलं तरी चालते."

महादेवरावांनी मनापासून आठवून पाहिलं. काहीच सापडेना. आपण आयुष्यात एवढंही केलं नाही याची त्यांना त्या बाकावर बसल्या बसल्या लाजच वाटायला लागली.

"मंग कोर्टात जा," रुपराव म्हणाले. "जुनं सगळं तिथं राहते. तिथंही नसलं तं कुठीच नाही."

नागपूरच्या कोर्टातल्या नकलांच्या खिडकीमागे ओमप्रकाश नावाचा बाबू होता. तो अर्धं हिंदी आणि अर्धं मराठी बोले, आणि कोणतं अर्धं कुठं वापरायचं हे त्याच्या मर्जीवर असे.

"केस नंबर?"

"केसच नाही."

"तो फिर नक्कल किसकी? बरं, तुम्ही आरोपी का फिर्यादी?"

"कोनीच नाही."

"मतलब तिऱ्हाईत. तिऱ्हाइताले कारण लिहावं लागते. लिखो, मी या केसमध्ये तिऱ्हाईत आहे."

"अहो, पण कोन्त्या केसमध्ये?"

"जो नहीं है, उसमें."

महादेवरावांचं डोकं गरगरलं. पण ताराचा चेहरा डोळ्यापुढे होता. त्यांनी मुकाट्यानं लिहिलं, 'मी खाली सही करणार, माझ्याविरुद्ध न झालेल्या खटल्यात तिऱ्हाईत असून, सदर न झालेल्या खटल्याचा शोध घेऊन नक्कल मिळावी.' वर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.

"उद्या या," ओमप्रकाश म्हणाला.

नोकरीला लागल्यापासून महादेवराव लोकांना हेच सांगत आले होते. ऐकताना ते कसं लागतं, हे मात्र त्यांना आजच कळलं.

असे बरेच उद्या झाले. एके दिवशी त्यांना लांबून बघूनच ओमप्रकाश खिडकीतून अर्धा बाहेर आला. "बधाई हो काकाजी! मिल गया!"

"काय?"

"आपका गुन्हा!"

खटला बावन्न सालचा होता. इतके जुने कागद नष्ट करायचा हुकूम कधीच सुटला होता, पण तो हुकूमच सापडत नसल्यामुळे गठ्ठे वाचले होते. आता पाहून लिहायला काहीतरी होतं, त्यामुळे नक्कलही लगेच तयार झाली. महादेवरावांनी ती कडुनिंबाखाली उभं राहून वाचली. महादेव वल्द गणपत, मुक्काम नरखेड, याने रात्री बिनाबत्तीची सायकल चालवली, मागे एक स्त्री डबलसीट बसवली आणि शिपायास उलट उत्तर दिले. गुन्हा कबूल. दंड वसूल.

नाव त्यांचं, बाप त्यांचा, गाव त्यांचं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना घाम फुटला. तिसऱ्यांदा वाचल्यावर तर ती रात्र त्यांना थोडी थोडी आठवायलाही लागली.

घरी त्यांच्या पत्नी देवकीबाईंनी सगळी नक्कल वाचली, पण त्यांचं बोट एकाच ओळीवर थांबलं.

"मागं कोन होती?"

"मले काय माहीत?"

"तुमच्या सायकलवर बसली अन् तुमालेच माहीत नाही?"

"अवं, मी नव्हतोच!"

"मंग गुन्हा काहून कबूल केला?"

"बावन्न साली तं आपलं लग्नही झालं नव्हतं," महादेवराव कसेबसे म्हणाले.

"तेच तं म्हणून राहिली मी!"

तारा समोरच्या ताटावरून न जेवता उठली. नक्कल हरवली म्हणून सांगावं, असं महादेवरावांच्या मनात आलंही, पण तारा दारातूनच म्हणाली, "लपवाचं नाही बाबा. जे होईन ते होईन."

रविवारी आनंदराव आले. या वेळी बरोबर त्यांच्या पत्नी इंदुताई होत्या. घर बघायचं म्हणून त्या अंगणातच रेंगाळल्या. आत आनंदरावांनी नक्कल हातात घेतली, उजेडाकडे धरून आधी शिक्का तपासला आणि म्हणाले, "काम चांगलं केलं आहे."

मग ते मजकूर वाचू लागले. मध्येच थांबून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तारा दाराआड कान देऊन उभी होती.

"बावन्न साल," आनंदराव पुटपुटले. "बिनाबत्ती. हं. महादेवराव, हे लग्न..."

"काहो!" अंगणातून इंदुताईंची हाक आली. "बाहेर या ना! हे तेच सायकल होय!"

सगळे अंगणात धावले. इंदुताई साखळीच्या झाकणावर बोट ठेवून लहान मुलीसारख्या हसत होत्या. "आठवते का? सिनेमा पाहून येताना पोलिसानं धरलं होतं! तुम्ही कोन्या मित्रापासून हे सायकल मागून आनली होती. पोलिसानं बॅटरी मारून हे नाव वाचलं, 'महादेव गणपत का?' अन् तुम्ही हो म्हटलं!"

"म्हंजे मागं तुम्ही होत्या?" देवकीबाईंनी विचारलं.

"मंग दुसरी कोन राहीन?"

देवकीबाईंनी विहिणीला तिथंच मिठी मारली. महादेवराव नुसते सायकलकडे बघत राहिले. कॉलेजात असताना ही सायकल सारं होस्टेल मागून नेई आणि होस्टेलचे मित्र पुढे आपल्या मित्रांना देत, हे त्यांना आता आठवलं. शिपायाला उलट उत्तर देण्याचं धाडस आपण केलं नव्हतं, हे कळून त्यांना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

"मी नाव सांगितलंच नाही," आनंदराव खालच्या आवाजात म्हणाले. "त्यानं वाचलं, मी नाही म्हटलं नाही एवढंच. आमचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. त्यात कोर्टातल्या नोकरीचा हुकूम यायचा होता."

"पण हे सगळं तोंडी झालं," महादेवराव म्हणाले. "तोंडी तं तुम्ही कोनाचंच मानत नाही."

"बायकोचं मानावं लागते," आनंदराव म्हणाले. "मी म्हणतच होतो, हे लग्न पक्कं."

तारा आत पळाली. देवकीबाईंनी आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या. हात धुऊन उठेस्तोवर दिवेलागण झाली आणि वर्ध्याची शेवटची एसटी सुटायची वेळ झाली. रस्त्यावर एकही रिक्षा दिसेना.

"सायकल द्या," आनंदराव घाईनं म्हणाले. "स्टँडवर केशव येणार आहे, तो वापस आणून देईन."

"बत्ती नाही तिले."

"चालते."

इंदुताई तोवर मागच्या कॅरिअरवर बसल्याही होत्या.

"थांबा जरा," महादेवराव म्हणाले. त्यांनी आतून देवकीबाईंचा पानाचा डबा आणला, बोटावर भरपूर चुना घेतला आणि साखळीच्या झाकणावर तो असा थापला, की नावातलं एकही अक्षर दिसेना.

"हं, आता न्या," ते म्हणाले.