दोन तीळ आणि एक खसखस

एका जंगलात, वाघालासुद्धा वाट विचारत जावं लागेल इतक्या आत, एका बिळात एक खवले मांजर राहत होतं. त्याचं नाव खवलेराव. बायको तानूबाई. आणि आईच्या शेपटीवर बसून जग बघणारी लेक ठकी.

खवले मांजर म्हणजे म्याँव म्याँव करणारं मांजर नव्हे बरं का, बाळांनो. अंगभर खवले, तोंडात एक दात नाही, आणि खाणं काय, तर मुंग्या नि वाळवी. वारूळ उकरावं, लांब जीभ आत सोडावी, झालं जेवण.

त्या जंगलात घरोघरी खेळण्यातलं आगगाडीचं इंजिन असे. का म्हणून विचारू नका. तुमच्या घरातल्या सगळ्या वस्तू का आहेत, ते सांगता येईल तुम्हाला? माकडाच्या दुकानात मिळायचं. वीतभर लांब, काळं कुळकुळीत, वर धुराडं. खोक्यातून काढा, किल्ली द्या, रुळांवर ठेवा. निघालं झुकझुक.

खवलेरावांचंही निघालं. गोल गोल फिरलं. ठकी आनंदानं किंचाळली. गोष्ट इथंच संपायची, पण नेमके दारावरून बगळेगुरुजी चालले होते.

गुरुजींनी मान वाकडी केली. एक डोळा मिटला.

"खवलेराव, इंजिनाचे पाय जवळ पडलेत हो."

"म्हणजे?"

"मी खरी आगगाडी पाहिलीय. वरून. तिच्या अंगाच्या मानानं बघाल, तर तुमचे रूळ अरुंद. दोन तीळ, आणि वर खसखशीचा एक दाणा, इतके."

"एवढंसं कुणाच्या लक्षात येतंय, गुरुजी!"

"आत्तापर्यंत नव्हतं येत," असं म्हणून गुरुजी उडून गेले.

झालं! खवलेरावांना वाळवी गोड लागेना. जिकडे बघावं तिकडे ते जवळ पडलेले पाय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकं काढली. चाकं बाहेर सरकवायची तर मधला आस लांब हवा. ते शेजारच्या साळिंदराकडे गेले.

"साळोबा, एक काटा द्या."

"घ्या की. कशाला?"

"रूळ रुंद करतोय."

"किती?"

"दोन तीळ आणि खसखशीचा एक दाणा."

साळोबा इतका हसला, की न मागता आणखी तीन काटे गळून पडले.

काट्याचा आस झाला. चाकं बाहेर सरकली, ती ब्रेकला घासायला लागली. खवलेरावांनी पाठीवरचा एक खवला उपटला, त्याची कानस केली नि ब्रेक तासले. मग चाकं पायरीला अडली. पायरी तासली. मग चाकं फिरवणारा दांडा इंजिनाच्या पोटाला लागला. पोट तासलं. असं करत करत खवलेरावांच्या पाठीला टक्कल पडलं, पण इंजिन तयार झालं.

ते जुन्या रुळांवर ठेवलं. आता रूळ आत नि चाकं बाहेर. फतकल मारून बसलं बिचारं. मग सगळे रूळ उखडले नि नव्यानं घातले.

तरी वळण आलं की घसरायचं. चाकांच्या कडाही त्यांनी तासून पातळ केल्या होत्या, अगदी खऱ्यासारख्या. त्यांना तंग वळण सोसेना.

"पातळ कडांना वळण ऐसपैस लागतं," गुरुजी म्हणाले.

"बिळात जागा नाही हो."

"मग बीळ मोठं करा. इंजिन का तुमच्यासाठी लहान होणार?"

खवलेराव खणायला लागले. आधी बसायची जागा गेली, मग निजायची. आणि वारुळाकडे कोण जाणार? तानूबाई एकटी. जवळची वारुळं संपली. लांबच्यांची माती दगडासारखी, त्यात शेपटीवर पोर. दोघींच्या पोटात मिळून मूठभर मुंग्या जाईनात.

"अहो, त्या गुरुजींचं इंजिन तरी चालतं का?" तानूबाईनं एकदा विचारलं.

"भलतंच काय विचारतेस! त्यांचं इतकं अचूक आहे, की ते चालवतच नाहीत."

"असं? मग ऐका. अमावस्येपर्यंत घरात वाळवी दिसली नाही, तर मी ठकीला घेऊन माहेरी चालले."

"आणि परत कधी येशील?"

"येईन की. तुमच्याच गाडीत बसून."

म्हणजे काय ते खवलेरावांना बरोबर कळलं. तरी खणणं सुटेना. बाहेर साळोबाचं इंजिन जुन्या अरुंद रुळांवर दिवसाला चाळीस फेऱ्या मारत होतं. प्रत्येक फेरीला साळोबा दारातून हाक मारायचा, "खवलेराव, आमचे दोन तीळ कमी, पण गाडी वेळेवर!"

अमावस्या उजाडली. वळणाला अजून हातभर जागा कमी होती. तानूबाईनं ठकीला शेपटीवर घेतलं नि दाराकडे निघाली.

"बाबा!" ठकी ओरडली.

खवलेराव गर्रकन वळले. वारुळाकडे धावायला हवं होतं. पण बाळांनो, छंदिष्टाची अक्कल ती! "थांब गं! एवढं वळण पुरं करतो, गाडी चाललेली बघ, मग जा!" असं म्हणून त्यांनी चारी पायांनी भिंत खणायला घेतली.

धप्पकन भिंत कोसळली. त्यांच्या डोक्यावर पांढरं काहीतरी बदाबदा पडायला लागलं.

"आता काय घसरलं?" तानूबाई दारातूनच म्हणाली.

"वाळवी!" खवलेराव तोंडभर वाळवी घेऊन ओरडले. "अगं, वाळवी! वारूळ आहे इथं! टेकडीएवढं!"

तानूबाई अशी वळली, की ठकी शेपटीवरून पडता पडता वाचली. तिघांनी जिभा सोडल्या. दुपार झाली, सांज झाली, वारुळाचा एक कोपरासुद्धा रिता झाला नाही. इंजिन ढिगाऱ्याखाली गेलं होतं. उद्या उकरू, परवा उकरू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

बातमी फुटली. गुरुजी एका पायावर उभे राहून सगळ्यांना सांगायला लागले, "मी म्हणालोच होतो! रूळ रुंद केले की असं होतं!" आठ दिवसांत जंगलातली सगळी इंजिनं बंद पडली. जो तो चाकं उपटतोय, पायऱ्या तासतोय. सगळ्यांत पुढे साळोबा. त्याला तर काटे घरचेच.

खवलेरावांच्या घरात मात्र सुबत्ता नांदायला लागली. पाठीवर नवे खवले आले. ठकीचं पोट मडक्यासारखं गरगरीत झालं. तानूबाईला माहेरी जायची गरजच उरली नाही. आता वर्षातून दोनदा सगळं माहेरच त्यांच्याकडे जेवायला येतं.

तात्पर्य: बाळांनो, काम नेहमी इतकं अचूक करावं, की ते कधी पुरंच होऊ नये. ज्याचं इंजिन चालतं, तो बघत बसतो. ज्याचं चालत नाही, तो खणत राहतो, आणि खणणाऱ्याला कधी ना कधी काहीतरी लागतंच. फक्त ते लागेपर्यंत बायको दारापर्यंतच पोहोचलेली असावी.