जर्सीला हळदीचं बोट

भगवानरावांनी पलंगाखालची पेटी ओढली, वरची जर्सी उचलली आणि "अवं ए!" अशी हाक मारली, तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि फायनलला नऊ तास उरले होते. कोऱ्या पांढऱ्या जर्सीच्या खालच्या काठावर हळदीचं एक पिवळं बोट उमटलं होतं आणि त्याच्या शेजारी कुंकवाचं लाल. त्यांनी दुसरी जर्सी उघडली, तिच्यावरही तेच. तिसरी, चौथी करत अकराच्या अकरा पाहून झाल्या.

शालूबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं एवढं ओरडाले?"

"हे कोणं केलं?"

"म्या केलं. नवं कापड हाय, हळदी-कुंकू न लावता कोणी घालते का? लेकरं खेळाले चालली, चांगलं व्हावं म्हणून लावलं."

शालूबाईंना यात ओरडण्यासारखं काही दिसेना. जळगाव जामोदमध्ये दुसऱ्या कुणालाही दिसलं नसतं. भगवानरावांना दिसलं, कारण नियम त्यांनीच केला होता.

भगवानराव एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टर होते. एवढ्या काळात त्यांच्या खाकी शर्टाचं बटन उघडं कुणी पाहिलं नाही की बिल्ला वाकडा पाहिला नाही. रिटायर झाल्यावर त्यांना गावातल्या फुटबॉलचा नाद लागला. पहिल्याच सामन्यात त्यांना दिसलं की आपल्या संघाचा अश्वजित एक मोजा गुडघ्याशी आणि दुसरा घोट्याशी ठेवून खेळतो. त्याने त्या दिवशी तीन गोल केले होते, पण ते त्यांना दुसऱ्या दिवशी लोकांकडून कळलं.

त्यावरून चहाच्या टपरीवर वर्षभर वाद चालला. "ज्याचा मोजा खाली, त्याची मस्ती वर," असं भगवानराव ठणकावून सांगत. "खेळ पाह्य ना बे, मोजा काऊन पाह्यतं?" असं पंजाबराव विचारत. पंजाबराव हे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, लिंबाच्या बागेचे मालक आणि अश्वजितचे भक्त. एरवी दोघं एकमेकांना 'बे' म्हणत. 'तुम्ही' सुरू झालं की टपरीवाला ओळखायचा, आता कपबशा आवरलेल्या बऱ्या.

शेवटी भगवानरावांनी लीगच्या बैठकीत गणवेशाचा नियम मंजूर करून घेतलाच. मोजे वर, शर्ट आत खोचलेला, कपड्यावर डाग नाही. एक चूक झाली की मैदानातले एक टोपलीभर दगड वेचायचे. मैदान सातपुड्याच्या पायथ्याचं, त्यामुळे दगडांना तोटा नव्हता. एकाच खेळाडूची तिसरी चूक झाली, तर त्याने त्याच क्षणी मैदान सोडायचं.

अश्वजितच्या दोन चुका झाल्या होत्या. दोन्ही वेळा मोजाच. दोन्ही वेळा तो कुणाला काही न बोलता दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन आला आणि दगड वेचून गेला. दुसऱ्या खेपेला तर टोपली भरली तरी थांबला नाही. गोलपोस्टजवळचा एक मोठा धोंडा त्याने पाऊण तास खणून काढला, आडवं पडणाऱ्या गोलकीपरला लागतो म्हणून. भगवानराव कुंपणाबाहेरून हे पाहत होते. त्या दिवशी तेही या पोराच्या प्रेमात पडले, पण पंजाबरावांना हे कळता कामा नये म्हणून गप्प राहिले. जुन्या जर्स्या धुऊन धुऊन दोन रंगाच्या झाल्या होत्या. फायनलसाठी नव्या शिवून आल्या, तेव्हा "पोरं मळवतीन, माह्या घरी ठेवा," असं म्हणून त्यांनी त्या घरी आणल्या, ते केवळ अश्वजितची तिसरी चूक होऊ नये म्हणून.

आणि आता हे.

"अवो, ऐका तर..." शालूबाई म्हणाल्या.

"तू बोलूच नको आता," असं म्हणत भगवानरावांनी बादली भरली आणि जर्स्यांना साबण फासला. साबण लागला की हळद लाल होते, हे घरातल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. कंडक्टरला नसतं. पाच मिनिटांत अकराही जर्स्यांवर पिवळ्याच्या जागी लालभडक डाग आले.

तेवढ्यात नेहमीच्या चहाला पंजाबराव दारात उभे राहिले. बादली पाहून त्यांना सगळं समजलं. आता हा वर्षभराचं उट्टं काढणार, म्हणून भगवानरावांनी मान खाली घातली. पण पंजाबरावांचा चेहराच उतरला.

"अश्वजितची तिसरी होते ना बे ही?"

"हाव."

"मंग पाह्यत काऊन बसला? थांब, लिंबं आणतो."

लिंबू चोळलं तशी हळद पुन्हा पिवळी झाली. पिवळं जावं म्हणून पुन्हा साबण लावला, तर पुन्हा लाल. दहा वाजेपर्यंत पन्नास लिंबं संपली आणि डाग दोनच रंगांत फिरत राहिले. शालूबाई दोनदा काही सांगायला आल्या, दोन्ही वेळा दोघांनी मिळून त्यांना आत पाठवलं. अखेर दोघं ओल्या जर्स्या गाठोड्यात बांधून निवृत्ती टेलरकडे गेले.

निवृत्तीने डाग पाहिला, टेप लावली. "काठ चार बोटं कापतो, नवा दुमडून देतो. डाग गेला समजा."

"अश्वजितचाच काप," पंजाबराव म्हणाले.

"नाही नाही, बाकीच्यांवरबी डाग हाय. अन् एकाचाच कापला तं बाकी दहांचा गणवेश वेगळा नाही दिसणार?" भगवानरावांनी नियमाचं कलम काढलं. मग अकराही कापल्या. दोन वाजता वाळवून, इस्त्री करून, घड्या घालून दोघं विजयी मुद्रेने घरी परतले.

शालूबाईंनी एक जर्सी उलगडून पाहिली. "कापल्या काऊन?"

"डाग दिसू नये म्हणून."

"पण शर्ट आत खोचाचा, असा तुमचाच नियम हाय ना? काठ तं चड्डीच्या आत जाते. कोणाले दिसला असता डाग? सकाळपासून हेच सांगून राह्यली मी."

भगवानरावांनी जर्सीची पुन्हा घडी घातली. मग पंजाबराव हळूच म्हणाले, "भगवानराव, तुम्ही लय हुशार माणूस."

मैदानावर अश्वजितने जर्सी घातली, खोचली आणि सवयीने दोन्ही हात वर करून आळस दिला. शर्ट सर्रकन बाहेर आला. त्याने काठावरची नवी शिलाई पाहिली, मग भगवानरावांचा चेहरा पाहिला आणि शर्ट पुन्हा खोचला. "बाह्या चांगल्या बसल्या, काका," एवढंच तो बोलला आणि दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत ओढून मैदानात गेला.

समोर रोहिणखेडचा तगडा संघ होता. लीगचे सचिव आणि पंच दोन्ही शंकररावच होते, कारण शिट्टी त्यांच्या मालकीची होती. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांची वही भरत आली. कुणी थ्रो करायला हात उचलला की शर्ट बाहेर, कुणी उडी मारली की शर्ट बाहेर. हाफटाइमपर्यंत जळगावच्या नऊ जणांवर एकेक टोपली चढली होती.

अश्वजितवर मात्र एकही नव्हती. त्याने ठरवून टाकलं होतं की आज उडी मारायची नाही. हात अंगाशी धरून, कमरेत किंचित वाकून तो चेंडू जमिनीवरूनच नेत होता, आणि असा नेत होता की रोहिणखेडची माणसंही बसल्या जागची उठून उभी राहिली. कुणी म्हणालं, ही नवी स्टाईल आहे. ही स्टाईल चार बोटं कापडातून निघाली आहे, हे बघ्यांत फक्त दोघांना माहीत होतं आणि ते दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून बसले होते. गोल मात्र कुणाचाच होत नव्हता.

सामना संपायला पाच मिनिटं होती. डावीकडून एक चेंडू उंच आला आणि थेट अश्वजितच्या डोक्यावर उतरू लागला.

"उडी मारू नको बे!" भगवानराव ओरडले.

"मार बे!" पंजाबराव ओरडले.

अश्वजितने उडी मारली. चेंडू त्याच्या कपाळावरून जाळ्यात गेला. मैदान उसळलं, लोकांनी टोप्या उडवल्या, शंकररावांनी गोलची लांबलचक शिट्टी मारली. त्या गोंधळात अश्वजित कुणाच्या गळ्यात पडला नाही. तो सरळ शंकररावांसमोर जाऊन उभा राहिला. शर्ट चड्डीवर लोंबत होता.

"सर, शर्ट निघाला. तिसरी हाय माही."

शंकरराव गडबडले. "मी तं चेंडू पाह्यत होतो. मले नाही दिसलं. कोणी पाह्यलं का?" त्यांनी नियमकर्त्याकडे, भगवानरावांकडे पाहिलं.

भगवानराव उभे राहिले. "कोणीच नाही पाह्यलं! आम्ही खेळ पाह्यत होतो. खेळ पाह्याचा का शर्ट?"

पंजाबराव त्यांच्याकडे वळले. वर्षभर ज्या वाक्यासाठी त्यांनी चहाचे पैसे भरले होते, ते आज फुकटात ऐकायला मिळालं होतं.

"पण मले तं माहीत हाय ना," अश्वजित म्हणाला. त्याने शंकररावांना हात जोडले आणि तो रेषेबाहेर जाऊन बसला. उरलेली मिनिटं दहा जणांनी जीव तोडून राखली आणि जळगाव एक शून्यने जिंकलं. ट्रॉफी घेताना सगळ्या संघाने त्याला पुढे ढकललं. टाळ्या वाजवणाऱ्यांत रोहिणखेडची माणसं जास्त होती. अशी माणसं जवळून पाहायला मिळतात म्हणून तर लोक उन्हात बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्वजित टोपली घेऊन मैदानावर आला, तर दोन म्हातारे आधीच वाकून दगड वेचत होते. भगवानरावांनी त्याला हळदीपासून टेलरपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मले कालच समजलं होतं, काका. काठाच्या घडीत थोडी हळद राह्यली होती."

"मंग बोलला काऊन नाही? शंकररावले सांगतलं असतं तं..."

"कोणाचं नाव सांगू? काकूनं चांगल्यासाठी लावली, तुम्हीबी चांगल्यासाठीच कापली." एवढं बोलून तो दगड वेचू लागला.

भगवानरावांचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून ते आणखी खाली वाकले आणि एक मोठा दगड हलवू लागले.

"भगवानराव," मागून पंजाबरावांचा आवाज आला, "शर्ट बाहेर आला तुमचा."

भगवानरावांनी हात मागे नेऊन चाचपलं. नोकरीची बत्तीस आणि रिटायर झाल्यानंतरची तीन, अशा पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच आला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला आणि अश्वजितला आणखी एक रिकामी टोपली आणायला सांगितली.