सुयश अपार्टमेंटमधला फ्लॅट आम्हाला बघायला आला

इचलकरंजीत भाडेकरूंनी फ्लॅट बघायला जायचं नसतं; फ्लॅट भाडेकरू बघायला येतात. एजंट दिवस ठरवतो. आपण गल्लीतल्या मोटरसायकली बाजूला लावायच्या, पोहे करायचे आणि धुतलेले कपडे घालून बसायचं.

आम्हाला घाई होती. राहती खोली यंत्रमागाच्या मालकाची होती. माझा थोरला भाऊ मल्लूदादा त्याच्याकडे माग चालवायचा. दादा वारला. मालक वाईट माणूस नाही, पण खोली मागावरच्या माणसाची असते, आणि दादाच्या मागावर आता दुसरा माणूस उभा होता. महिनाअखेरीला आम्ही बाहेर पडायचं होतं. मी, सुवर्णावहिनी आणि नुकती चालायला लागलेली त्यांची श्रावणी.

आधी नाक्यावरचा एक फ्लॅट येऊन गेला. लिफ्टच्या बिल्डिंगमधला होता.

"घरात कर्ता पुरुष कोण?" त्यानं विचारलं.

वहिनीनं खरं ते सांगितलं. मी म्हणालो, "मी आहे की!"

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग तुम्ही बॅचलर. बॅचलर आम्हाला चालत नाही." एवढं बोलून त्यानं गॅलरी आवरली आणि गेला. पोह्यांना शिवलासुद्धा नाही. त्यानंतरचा फ्लॅट तर गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरला.

मग एजंट कुडचेमामांनी सुयश अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके आणला. आमच्या दारातून ती बिल्डिंग दिसते. फ्लॅटच्या जागी आरपार आभाळ दिसत होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई नेहमीसारखे कपडे वाळत घालत होत्या.

आमची खोली लहान, म्हणून हॉल गल्लीत थांबला आणि स्वयंपाकघर तेवढं आत आलं. वहिनीनं पोह्यांची बशी त्याच्या ओट्यावर ठेवली.

"मंडळी साधी आहेत, साहेब," कुडचेमामा म्हणाले.

"भिंतीला खिळे मारता का?" फ्लॅटनं विचारलं.

"एकच. कॅलेंडरला," वहिनी म्हणाली.

"फोडणी देताना खिडकी उघडता?"

"उघडते."

"मुलगी भिंतीवर रेघोट्या ओढते?"

"अजून नाही. पण ओढणार. आत्तापासून खोटं कशाला सांगू?"

"ओढू दे. आधीच्यांना मूल नव्हतं. माझ्या भिंती नुसत्याच राहिल्या." पोहे छान झालेत असंही तो म्हणाला. मला तो आवडला. त्याच्या मोरीत डोकावून बघावंसं वाटत होतं, पण पहिल्याच भेटीत ते बरं दिसलं नसतं.

"आणि घरात कर्ता पुरुष?"

वहिनीनं तोंड उघडायच्या आत मी बोलून गेलो, "दिवसपाळीला गेलाय. संध्याकाळी येतो."

कुडचेमामांना चहाचा ठसका लागला. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली.

"मग थांबतो," फ्लॅट म्हणाला. "त्यांना न भेटता जाणं बरं नाही."

कुडचेमामांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "शिवा, जीभ आहे का मागावरचा धोटा? चालूच असते! माणूस येतो म्हटल्यावर फ्लॅटला उठता येत नाही. रीत आहे. आता त्याला होही म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना."

"मग काय करायचं?"

"मला काय विचारतोस? तुझ्या वहिनीला विचार."

वहिनी बशा विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, आता तुम्हीच जा आणि घेऊन या त्यांना."

संध्याकाळी भोंगा झाला. मागवाले बाहेर पडले. डोक्यात कापूस, हातात डबे. फ्लॅट गॅलरी पुढे काढून बघत होता. मी गॅलरीच्या खाली उभा होतो.

"हे का?"

"नाही."

"मग हे?"

"नाही."

एक निळ्या शर्टवाला अगदी दादासारखा एक खांदा पाडून चालत आला. त्याच्याबद्दल फ्लॅटनं विचारलंच नाही. मीच म्हणालो, "नाही."

गल्ली रिकामी झाली. फ्लॅट म्हणाला, "काम वाढलं असेल."

मग मला राहवेना. मी ओरडलो, "वाढलं नाही काही! वारलाय तो! आम्हीच पोचवून आलोय त्याला. खोटं बोललो मी. जा आता तूपण!"

शेजारच्या दारांत माणसं जमली. फ्लॅटच्या नळातून थेंब पडत होते.

"तुमचं म्हणणं खरं असेल," तो म्हणाला. "पण मला येतो असं सांगितलंय आणि मी थांबलोय. मध्येच उठून जाणं मला जमत नाही. तुम्ही तरी किती वेळ बाहेर उभे राहणार? आत बसा."

श्रावणी केव्हाच आत गेली होती. आम्ही तिच्या मागून गेलो.

थांबायचंच तर दुसऱ्या मजल्यावरही थांबता येतं, असं कुडचेमामांनी फ्लॅटला समजावलं. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला घेऊन आपल्या जागी गेला. महिनाअखेरीला आम्ही खोलीची किल्ली मालकाला दिली. मध्ये सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. आमचं अजून बघणं चालू आहे, असं फ्लॅटनं त्यांना सांगितलं. "बरं, चालू द्या," म्हणाले आणि जिना उतरले.

फ्लॅट दादाबद्दल विचारत असतो. आल्यावर ओळखू यायला हवा, म्हणतो. उंची किती? घोरतात का? आधी भाकरी खातात का भात? दादा गेल्यापासून लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि दुसरंच काहीतरी बोलायचे. असं कोणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो की थांबत नाही. वहिनी मध्येच मला दुरुस्त करते. घोरत नव्हते, म्हणते, तुमचंच नाक वाजायचं.

"दार कसं वाजवतात?" फ्लॅटनं काल विचारलं.

मला आठवेना. वहिनी कणीक मळत होती.

"वाजवत नाहीत," ती म्हणाली. "नुसतं ढकलतात."

तेव्हापासून फ्लॅट आम्हाला कडी लावू देत नाही.